जड हाताचा कप

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं चित्र काढून समजावलं, तेव्हा ताई अगदी शहाण्या बाईसारखी मान डोलवत होती. धाकटीला वाटलं, चला, बाईनं मनावर घेतलं. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता ताई म्हणाली, "डॉक्टर बरा आहे, पण त्याला बेकिंगमधलं ओ की ठो कळत नाही."

"त्याला कशाला कळायला हवं?"

"म्हणाला ना तो, बारीक आकडे वाचायचे सोडून बाकी सगळं करता येईल. मग बाकी म्हणजे राहिलं काय?"

धाकटीने ताईचा दंड धरून तिला रस्ता ओलांडून दिला, आणि पलीकडे पोचल्यावर ताईने तो हात झटकून टाकला. रस्ता तिला दिसत होता. गाड्या, दुकानं, माणसं, सगळं कडेकडेनं दिसत होतं. फक्त जिथे बघावं तिथेच, नेमकं मधोमध, कुणीतरी बोटाने शाई फासावी तसा डाग यायचा. तो जाणार नव्हता. वाढू नये म्हणून गोळ्या होत्या, इंजेक्शनं होती, एवढंच.

दोघी बहिणी एका घरात राहत. नवरा गेल्यावर धाकटी इथे आली आणि रस्त्याकडच्या खोलीत तिने शिवणाचं मशीन मांडलं. नवं शिवणं फार नाही, बहुतेक करून दुरुस्तीच: पँटची लांबी कमी कर, झिप बदल, कुणी जाड झालं तर बाजूची शिवण उसवून वाढव. मागचं स्वयंपाकघर ताईचं. दोघींचा अलिखित करार होता, की दोरे आत यायचे नाहीत आणि मैदा बाहेर यायचा नाही. धाकटी साठीला टेकली होती, तरी ताई तिला अजून 'चिमे' म्हणून हाक मारायची, तीही गिऱ्हाइकांसमोर.

ताईने लग्न केलं नाही. शहरातल्या एका मोठ्या बेकरीत ती ऐन तारुण्यात लागली आणि केस पिकल्यावरच बाहेर पडली. तिथे तिचं काम वजनाच्या खोलीत. एकीकडे मैद्याची आणि साखरेची पोती, दुसरीकडे बटरचे खोके, मध्ये दोन काटे: एक जमिनीवरचा मोठा आणि एक मीठ-यीस्टसाठीचा टेबलावरचा. प्रत्येक घाण्याचं सामान मोजून, बादल्यांत घालून मशिनवर पाठवायचं. आत सगळे तिला काटेबाई म्हणत. हे कौतुकानं होतं की वैतागून, ते म्हणणाऱ्यावर अवलंबून असे. एकदा नव्या फोरमनने घाई केली म्हणून तिने भरलेली बादली त्याच्यासमोर परत पोत्यात ओतली आणि पहिल्यापासून मोजायला घेतली, अशी गोष्ट तिथे बरीच वर्षं सांगितली जाई.

निवृत्त झाल्यावर ती घरी केक करायला लागली. कोपऱ्यावरच्या कॅफेत तिचे केक जात, आसपासच्या काही घरांतही. सगळं डोक्यात, सगळं ग्रॅममध्ये. साधा स्पंज केक म्हणजे मैदा दोनशे पंचवीस, साखर दोनशे पंचवीस, बटर दोनशे पंचवीस, चार अंडी. ती अंडीसुद्धा वजन करून घ्यायची. अंड्यावाल्याने तिला बघून दुकान बंद केलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

मग आकडे पुसट व्हायला लागले. सुरुवातीला ती चष्म्याला शिव्या देत होती. काट्यावर नाक टेकवून बघायची, मग तिरकी मान करून बघायची, मग हाक: "चिमे, जरा ये गं. हे दोन आहेत की आठ?" धाकटी तोंडात टाचण्या धरून धावत यायची, बघून सांगायची, परत जायची. आणि एक दिवस तिने हाक मारली नाही. साखर दोनशे पंचवीस म्हणून दोनशे पंच्याऐंशी पडली. केक फुगला आणि मधोमध बदकन बसला. कॅफेवाल्याने तो परत पाठवला, तेव्हा कुठे धाकटीने तिला ओढत डॉक्टरकडे नेलं.

आता पुढे काय, हा प्रश्न दवाखान्यातून घरी आला तो मुक्कामालाच.

पहिला उपाय धाकटीच्या लेकीने पाठवला. ती दुसऱ्या शहरात राहत होती आणि तिच्याकडे सगळ्या गोष्टींवर उपाय असे. बोलणारा काटा. वर काही ठेवलं की एक बाई कुठल्याशा परक्या उच्चारात आकडा सांगायची. धाकटीला वाटलं, सुटलो. पण ती बाई विचार करून बोलणारी निघाली. ताई मैदा ओतायची, ही गप्प. ताई थांबायची, ही म्हणायची, दोनशे दहा. ताई थोडा आणखी टाकायची, ही पुन्हा विचारात. बोलेपर्यंत दोनशे चाळीस. मिक्सर चालू असेल तर तिचं ऐकूच यायचं नाही. आणि जरा वेळ कुणी हात लावला नाही, की ती निरोप घेऊन बंद पडायची.

"निघालीस कुठे?" ताई तिच्यावर खेकसायची. "माझं अजून व्हायचंय!"

बाहेर पँटला टीप मारता मारता धाकटीला हे भांडण ऐकू यायचं. मग एका दुपारी काट्यावर पाण्याचं भांडं लवंडलं आणि बाईची वाचा कायमची बसली. "हात लागला," ताई म्हणाली. धाकटीला तेव्हाही खरं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

दुसरा उपाय धाकटीचा स्वतःचा. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तीच सगळं मोजून भांड्यांत काढून ठेवायची. यात काय अवघड आहे? पण ताई खांद्यामागे उभी.

"भांड्याचं वजन वजा केलंस?"

"केलं."

"चमचा झटक, चमच्याला चिकटलाय."

"झटकला."

"आवाज आला नाही झटकल्याचा."

बाहेर गिऱ्हाईक दार वाजवतंय, आत धाकटी चमचा झटकतेय. काही दिवसांतच तिचा जीव मेटाकुटीला आला. पण हार मानली ती ताईने. एका सकाळी ती स्टुलावर हाताची घडी घालून बसली आणि उठेचना.

"आता काय झालं?"

"तू मोजणार. उद्या तूच मिसळशील. मग मी काय करायचं? ओव्हनची राखण?"

"अगं, मी मदत करतेय."

"माहीत आहे. म्हणून तर बोलता येत नाही."

धाकटी बाहेर गेली आणि कुणाच्यातरी कोटाची नको ती शिवण उसवून बसली.

तिसरा उपाय पुन्हा लेकीचा. फोनवर ती म्हणाली, "आई, मावशीला कप दे. हाताला कळतो, वाचावा लागत नाही. भरला, काठाला सपाट केला, झालं. ग्रॅमचे कप करायचा तक्ता पाठवते."

तक्ता आला. त्यात एक कप मैदा म्हणजे एकशे वीस ग्रॅम. धाकटीने खात्री करावी म्हणून दुसरा मागवला. त्यात एकशे पंचवीस. तिसऱ्यात एकशे चाळीस. धाकटीने लेकीला फोन लावला.

"मैदा तोच आहे ना सगळीकडे?"

"आई, कप वेगवेगळे असतात. कुणाचा दोनशे चाळीस मिलिलिटरचा, कुणाचा अडीचशेचा."

"मग त्याला माप कशाला म्हणतात?"

"अगं, आणि भरायची पद्धतही..."

"ठेव फोन."

ज्या बाईने आयुष्यभर टेपने छाती-कंबर मोजली, तिला ही लबाडीच वाटली. टेपवरचा एक सेंटिमीटर काय गिऱ्हाईक बघून लांबतो? शेवटी तिने बाजारातून मापाच्या कपांचा एक जुडगा आणला आणि ठरवलं, तक्ते गेले उडत, आपण आपलं मोजायचं. एका सुट्टीच्या दिवशी काटा, कप, मैदा, साखर, कोको असा सगळा पसारा मांडून ती बसली. चमच्याने हलक्या हाताने कपात मैदा घालायचा, सुरीच्या पाठीने सपाट करायचा, काट्यावर ठेवायचा. कधी एकशे अठरा, कधी एकशे एकतीस. आपणच भरतोय, कपही तोच, पोतंही तेच, तरी हा मैदा दर वेळी वेगळा येतो म्हणजे काय! साखर बिचारी सरळ होती, कशीही भरा, दोनशेच्या आसपास. कोको तर नुसता ढग. फुंकर घातली की अर्धा कप रिकामा.

संध्याकाळपर्यंत तिने सरासरी काढली. मैदा एक कप एकशे पंचवीस. मग दोनशे पंचवीस म्हणजे एक पूर्णांक आठ दशांश कप. आता आठ दशांशाचा कप कुठून आणायचा? तिने आणखी डोकं घातलं आणि ताईसमोर निकाल ठेवला: "हे बघ. मैदा पावणेदोन कप आणि वर एक मोठा चमचा. साखर एक कप आणि वर दोन मोठे चमचे."

"पावणेदोन आणि वर एक चमचा?" ताई म्हणाली. "केक आहे की खोकल्याचं औषध?"

"ताई, तू करणार आहेस की नाही?"

"करते बाई. ओरडतेस काय?"

ताईने दुसऱ्या दिवशी एकटीने केक केला. धाकटी मुद्दाम आत गेली नाही. ओव्हनमधून वास चांगला आला. साच्यातून केक निघाला, दिसायलाही सरळ. तो कॅफेत गेला. दुपारी कॅफेवाला स्वतः आला, हातात केकचा डबा. गृहस्थ भला होता, चष्मा पुसत पुसत बोलायची सवय. त्याने चष्मा फारच पुसला, तेव्हा धाकटीने ओळखलं.

"काकू, आज जरा घट्ट झालाय," तो ताईला म्हणाला. "म्हणजे, चव आहे. पण एका गिऱ्हाइकाने काटा टोचला आणि काटा उभाच राहिला."

तो गेल्यावर दोघींनी केक कापला. खरोखर वीट होती.

"तुझं गणित चुकलं," ताई म्हणाली.

"माझं गणित बरोबर आहे. तू पावणेदोन कप घातलेस की दोन?"

"पावणेदोन. वर तुझा चमचा. मला मोजता येतं, चिमे. डोळे गेलेत, बोटं नाही."

"मग कसा भरलास ते दाखव."

ताईने मैद्याचा डबा पुढे ओढला, कप त्यात खसकन खुपसला, काठोकाठ भरून वर काढला आणि तळहाताच्या कडेने एका फटक्यात सपाट केला. बेकरीत बादल्या भरायची तिची पद्धत ती. धाकटीने कप काट्यावर ओतला. एकशे एकोणपन्नास.

"बघ! अगं, असा दाबून भरतात का? तुझा हात जड आहे!"

"आणि तुझा हात म्हणजे काय सरकारी आहे?"

"मी पूर्ण दिवस घालवला यात. माझी कामं पडली आहेत. तुला जरा हलक्या हाताने, चमच्याने, सावकाश..."

"मी चमच्याने मैदा भरत बसू? आजाऱ्याला पेज भरवतात तसा?"

धाकटीचा पारा चढला आणि ती नको ते बोलून गेली. म्हणाली, "मग नको करूस केक! कुणी सांगितलंय? बस स्वस्थ!"

ताईने केकची ताटली उचलून ती कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली, पण नेम जरा चुकला आणि दोन तुकडे बाहेर पडले. ते तिला दिसले नाहीत. धाकटीला दिसले. तिने ते ताई तिथून गेल्यावर उचलले.

त्यानंतर अबोला. बोलायचं ते कामापुरतं: दूध आलंय, नळ बंद कर. कॅफेवाल्याने निरोप पाठवला, की काकूंनी तब्येत सांभाळावी, घाई नाही. याचा अर्थ तो दुसरीकडून केक घेतोय, हे दोघींनाही कळलं. धाकटीला अपराधीही वाटत होतं आणि रागही येत होता, आणि अपराधी वाटतंय याचाच सगळ्यात जास्त राग येत होता.

मग एका दुपारी ती पाणी प्यायला आत गेली. ताई ओट्यापाशी उभी. मैद्याचा डबा उघडा, आणि समोरच्या मोठ्या ट्रेमध्ये मैद्याचे ढीग. एकेक कपाचा एकेक ढीग, एका ओळीत. ताई बोटांच्या टोकांनी एकेक ढीग चाचपत होती, त्याचा घेर, त्याची उंची. धाकटी आल्याचं तिला कळलं होतं, पण ती वळली नाही.

"काय करतेस?"

"बघतेय, माझा हात हलका होतो का. होत नाही. आयुष्य गेलं तसा भरण्यात, आता कुठून होणार?"

आवाजात रडणं नव्हतं. कंटाळा होता, आणि तो रडण्यापेक्षा वाईट होता. धाकटीने काटा ओढला आणि एकेक ढीग पसरट पात्याने उचलून त्यावर ठेवायला लागली. एकशे सत्तेचाळीस. एकशे एकोणपन्नास. एकशे अठ्ठेचाळीस. पुन्हा एकशे अठ्ठेचाळीस. सगळी ओळ संपली तरी आकडा तिथल्या तिथेच घुटमळत राहिला.

धाकटीला तिचे स्वतःचे आकडे आठवले. एकशे अठरा काय, एकशे एकतीस काय. तिने कपाळाला हात लावला.

"अगं ताई."

"काय?"

"तुझा हात जड आहे. पण सारखा आहे. लबाडी माझ्या हाताची होती. मी माझ्या हाताचं माप काढलं आणि तुला दिलं. दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज कुणाला बसतो का?"

ताईने तोंड वळवलं. धाकटीकडे थेट बघितलं तर ती दिसायची नाही, म्हणून जरा बाजूला, खिडकीकडे बघत म्हणाली, "हे तुला आता कळलं?"

"तुला कळलं होतं?"

"नाही."

दोघींना हसू आलं. पण हसण्यात वेळ घालवायची धाकटीची सवय नव्हती. तिचं डोकं चालायला लागलं होतं. तक्त्यातल्या कपात केक बसवायचाच कशाला? केकच्या मापाचा कप का शिवू नये? पावणेदोन नको, वर चमचा नको. ताईने खसकन एकदा भरला की दोनशे पंचवीस, असा एकच कप.

घरात मधाच्या आणि लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या रिकाम्या बरण्या होत्या. तिने एक घेतली, खडूने खूण केली आणि कापायला गेली. स्वयंपाकघरातली कात्री बरणीवरून नुसती घसरत होती. चाकूने कड वाकडीतिकडी झाली. धाकटी पुटपुटत बाहेर गेली आणि तिची कापडाची मोठी कात्री घेऊन आली. त्या कात्रीने तिने कधी कागद कापला नव्हता, कुणाला कापू दिला नव्हता. लेक लहान असताना एकदा त्या कात्रीने चित्र कापायला बसली, तर तिला दिवसभर बोलणी खावी लागली होती. प्लॅस्टिकमधून ती कात्री करकरत गेली, तो आवाज ऐकून ताईसुद्धा दचकली.

"चिमे, कोणती कात्री ती?"

"गप भर."

ताईने बरणी डब्यात खुपसली, सपाट केली. दोनशे एकोणचाळीस. धाकटीने काठावरून एक पट्टी कापली. दोनशे एकोणीस.

"जास्त कापलं! हात तिच्या मारी! कापड कमी पडलं तर जोड देता येतो, या बरणीला काय ठिगळ लावू?"

पहिली बरणी वाया गेली. दुसरी घेतली. या वेळी सुतासुताने कापलं. दोनशे सदतीस. दोनशे बत्तीस. दोनशे अठ्ठावीस. मग कानशीने घासलं. ताई प्रत्येक वेळी भरत होती, धाकटी ओतून वजन करत होती, ओट्यावर, जमिनीवर, दोघींच्या भुवयांवर मैदाच मैदा. शेवटी काट्यावर आकडा आला.

"किती?" ताईने विचारलं.

"दोनशे पंचवीस."

"परत सांग."

"दोनशे पंचवीस, ताई."

ताईने पुन्हा भरला. दोनशे चोवीस. पुन्हा. दोनशे पंचवीस. तिने रिकामी बरणी हातात घेतली, काठावरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ फिरवतच राहिली.

मैद्याच्या कपाच्या काठाखाली धाकटीने सुई तापवून एक भोक पाडलं आणि त्यातून जाड दोरा ओवून एक गाठ मारली. साखरेच्या कपाला दोन गाठी. कोकोसाठी छोटा कप, तीन गाठी, आणि तो फक्त चाळलेला कोको भरायचा, हे ताईनेच ठरवलं, नाहीतर ढगाचा भरवसा नाही. बटरचा ठोकळा मोठा यायचा. त्यासाठी धाकटीने पुठ्ठ्याचा एक तुकडा बाहीच्या मापाच्या कागदासारखा कापला. तो ठोकळ्याच्या लांबीवर ठेवायचा, खाचेशी बोट लावायचं, तिथून सुरी खाली. अंड्यांचं काय, असं तिने विचारलं, तर ताई म्हणाली, अंडं हातात घेतलं की कळतं, त्यात तू पडू नकोस.

पहिला केक कॅफेत गेला तेव्हा ताई स्वतः बरोबर गेली. कॅफेवाल्याला तिने सरळ सांगितलं, डोळे अधू झालेत, आकडे दिसत नाहीत, आता कपाने करते, पटला तर घ्या. त्याने चष्मा पुसला नाही. जागेवर तुकडा कापून खाल्ला आणि म्हणाला, "काकू, पूर्वी रोज घ्यायचो तेवढे आता जमणार नाहीत. मी दुसऱ्या माणसाला शब्द दिलाय. पण आठवड्यात दोन दिवस तुमचे." ताई घरी येईपर्यंत त्या दुसऱ्या माणसाच्या केकबद्दल बोलत होती. त्यात अर्क जास्त असतो म्हणे, वास रस्त्यावर येतो.

इथे सगळं मार्गी लागलं असं धाकटीला वाटलं. पण मैदा म्हणजे मैदाच. पोतं संपलं, नवं आलं, आणि केक पुन्हा मऊ पडून कडेने खचला. धाकटीने कप भरायला लावून वजन केलं, तर दोनशे अकरा. नवा मैदा जास्त बारीक, जास्त भुसभुशीत. गिरणीवाल्याला शिव्या घालत तिने नवी बरणी कापली. मग हवा दमट झाली, मैदा गोळे धरायला लागला, पुन्हा आकडा हलला.

"आता काय हवेचंही माप काढू?" ती ओरडली.

"बेकरीत असताना मला हे कधी कळलंच नाही," ताई शांतपणे म्हणाली. "काट्यावर दोनशे पंचवीस म्हणजे दोनशे पंचवीस. मैदा कसा आहे ते बघायची वेळच आली नाही. आता हात घातला की कळतं, आज चिकट आहे, आज मोकळा."

"कळतं तर मग सांगत का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू आपली कापत सुटतेस."

शेजारची बाई एकदा केकची कृती मागायला आली आणि किती कप घ्यायचे म्हणाली, तेव्हा धाकटीने तिला आधी हात दाखवा असं सांगितलं. ती बिचारी घाबरून गेली. पण सगळंच परत आलं नाही. बिस्किटं ताईने सोडली, त्यांच्यावर नक्षी काढायची असते. अक्रोडाचा केक सोडला, कारण अक्रोड कपात कसेही पडतात, आणि तसं कसंही तिला चालत नव्हतं. साधा स्पंज आणि चॉकलेटचा, एवढे दोनच उरले. कधीकधी ती रिकाम्या दुपारी स्टुलावर बसून जुने केक तोंडाने करायची, दीडशे, पाऊणशे, बारा, असं पुटपुटत. धाकटी मशीन आणखी जोरात चालवायची.

पुढे धाकटीच्या लेकीचं ऑपरेशन झालं आणि धाकटीला काही दिवस तिकडे राहावं लागलं. जाताना तिने मैद्याचं पोतं बदलू नकोस, सुरी चालवताना हात सांभाळ, गॅस बघ, अशा हजार सूचना दिल्या. तिकडून रोज फोन. ताई दर वेळी म्हणायची, सगळं ठीक आहे, तू लेकीकडे बघ.

धाकटी परत आली तर घरात संत्र्याच्या सालीचा वास. ओट्यावर जाळीवर एक केक, पिवळसर, मधे जरासा उंच. आणि शेजारी एक नवा कप. कड अशी कापलेली, की धाकटीच्या अंगावर काटा आला. एका बाजूला उतरती, दुसरीकडे दातेरी.

"हा कुठला?"

"संत्र्याचा."

"केक नाही, कप! कुणी कापला?"

"मी. स्वयंपाकघरातल्या कात्रीने. तुझी नाही घेतली."

"पण कशाचं माप आहे हे? मैद्याचं? साखरेचं? कुठल्या कृतीतलं?"

"कृती नाही. मैदा याच कपाने, साखर याच कपाने, जरा कमी. दोन केक फसले. हा तिसरा."

धाकटीने पिशवी खाली टाकली. तिने तो वाकडा कप उचलला, मैद्याच्या डब्याकडे वळली, दुसऱ्या हाताने काटा पुढे ओढला. "भर बघू एकदा."

"नाही."

"अगं, वजन तर कळू दे! उद्या हा कप फुटला तर? मी दुसरा कशावरून करणार?"

"मी करीन की." ताईने हात पुढे केला, हवेत जरा चाचपडला, मग कप सापडला तसा तो काढून घेऊन तिने उंच फळीवर ठेवून दिला, जिथे धाकटीचा हात पोचत नव्हता. "याचं वजन नाही करायचं."

"काटेबाई म्हणायचे तुला!"

"म्हणायचे. आता निवृत्त झालेय. केक खाणार आहेस की भांडत उभी राहणार आहेस?"

धाकटी भांडली आणि मग खाल्लाही, दोन तुकडे, उभ्या उभ्याच, प्रवासातून आलेले हात नुसते साडीला पुसून. केक चांगला होता. तिच्या मते मैदा किंचित जास्त होता, पण ते सिद्ध करायला हातात काही नव्हतं. कॅफेवाल्याने तो ठेवून घेतला आणि आता तोच जास्त जातो. गिऱ्हाईक कृती विचारतं, कॅफेवाला धाकटीला विचारतो, आणि धाकटी दर वेळी त्याच त्राग्याने सांगते, की बाबा रे, मला माहीत नाही, मला सांगत नाहीत, मला त्या फळीपर्यंत स्टूल लावू देत नाहीत.